ते तीन आकडे कुठे गेले?

बस. आणि ती वही मिटू नकोस, उघडीच राहू दे. इंद्रायणीच्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायला निघालास त्याला चार वर्षं झाली, आणि आज मला दाखवतोस काय, तर हा गुळगुळीत आलेख! वहीत तीन नोंदी लिटरला चार मिलिग्रॅमच्या खालच्या आहेत. आलेखात त्या नाहीत. कुठे गेल्या? 'आउटलायर होत्या, सर.' कोणी ठरवलं? तू. कशावरून? बाकीच्या ठिपक्यांच्या रांगेत बसत नव्हत्या म्हणून. अरे, याला संशोधन नाही म्हणत, लबाडी म्हणतात.

आता वेळेचा रकाना वाच. मोठ्याने वाच. बाकी सगळे नमुने भर दुपारचे, कारण पुण्याहून नदीकाठच्या इंदुरीत पोहोचायला स्वारीला तीच वेळ सोयीची. हे तीनच पहाटेचे. दिवसा शेवाळ उन्हात ऑक्सिजन सोडतं. रात्री शेवाळ, जिवाणू, मासे सगळेच तो नुसता घेत राहतात. म्हणून सूर्य उगवायच्या सुमाराला पाण्यात तो सर्वांत कमी असतो. एमएस्सीच्या पेपरात हेच लिहून गुण घेतलेस ना? नदीने तेच तुझ्या बाटलीत भरून दिलं, तर तू खोडून टाकलंस! मासा गुदमरतो पहाटे आणि तुझा प्रबंध दुपारचा. ते तीन आकडेच तुझा प्रबंध होते, गाढवा.

'गाइड लक्ष देत नाहीत, फेलोशिप रखडते.' खरं असेल. फेलोशिपसाठी भांडायला मी तुझ्याबरोबर येईन. पण पैसे रखडले म्हणून आकडे गाळले, हा कुठला हिशेब?

1933 साली कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, मुंबईहून बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत गेल्या. बाई म्हणून तिथले संचालक सी. व्ही. रामन यांनी त्यांना प्रवेश नाकारला. हटून बसल्या तेव्हा मिळाला, तोही अटींवर: आधी उमेदवारी, आणि संचालकांचं समाधान झालं तरच काम मान्य. तक्रार करायला याहून मोठं कारण तुझ्यापाशी आहे? त्यांनी दुधातल्या, डाळींतल्या प्रथिनांवर काम केलं. मग केंब्रिजला बटाट्यावर प्रयोग करताना वनस्पतींतही सायटोक्रोम सी असतं हे दाखवलं आणि 1939 मध्ये पीएचडी घेतली. प्रबंध जेमतेम 40 पानांचा. तू मात्र दर भेटीत मला पानांचा आकडा सांगतोस. आणि परत आल्यावर त्या पदवी मिरवत बसल्या नाहीत. ताडाच्या नीरेतली पोषणद्रव्यं कुपोषित मुलांच्या, गरोदर बायकांच्या किती उपयोगी पडतात, ते तपासलं.

तुला घाई कशाची, तर चौकात 'डॉक्टर' म्हणून फ्लेक्स लागण्याची. पदवी तोंडी परीक्षेनंतर मिळते रे. पण नावडता आकडा कोणी बघत नसतानाही जागेवर ठेवायची सवय त्याआधी लागावी लागते. ती लागली नाही, तर नुसतं कागदाचं भेंडोळं घेऊन बाहेर पडशील, आणि पुढे नोकरीत साहेबाला हवे तसे आकडे देणारा कारकून होशील.

15 जून 2025 ला याच इंद्रायणीवरचा आपल्या कुंडमळ्याचा लोखंडी पूल पडला, चार माणसं गेली. धोक्याची पाटी तिथे आधीपासून होती. तुझे ते तीन आकडे म्हणजे तसलीच पाटी, आणि ती तू आपल्या हाताने उपटलीस. उद्या तुझ्या आलेखाच्या भरवशावर कोणी 'इंदुरीजवळ पाणी ठीक' असं लिहिलं, तर जबाबदार कोण?

आता ऐक. महिनाभर आठवड्यातून एकदा चोवीस तास काठावर बसायचं, दर तीन तासांनी नमुना. जलपर्णीखालचा वेगळा, मोकळ्या पाण्यातला वेगळा. बाटलीत बुडबुडा राहता कामा नये. मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड तिथेच घालायचं. प्रयोगशाळेत पोहोचल्यावर नाही. झोप मोडेल, मोडू दे.

त्याआधी, सोमवारी, गाइडना स्वतःच्या तोंडाने सांग, की तीन आकडे मी गाळले होते. ते चिडतील. खाली मान घालून ऐकून घे. एक अख्खं प्रकरण नव्याने लिहावं लागेल, कदाचित मुदतही वाढवून मागावी लागेल. माग. मुदत वाढवून मागण्यात लाज कसली? लाज वाटायची ती या आलेखाची.

ऊठ आता. गाळलेल्या आकड्यांसकट आलेख घेऊन ये. प्रस्तावनेची भाषा कशी करायची, ते त्यानंतर बघू.