प्रयोगशाळेबाहेरचे सूक्ष्मजीवशास्त्र

पदवीच्या वर्गात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवताना एक अडचण कायम असते. ज्या जिवाणूंमुळे हा विषय समाजाला महत्त्वाचा वाटतो, त्यांतले बरेचसे विद्यार्थ्यांच्या हाती देता येत नाहीत. क्षयरोगाचा मायकोबॅक्टेरियम ट्युबरक्युलोसिस हवेतून पसरतो आणि त्याचे कल्चर हाताळायला तिसऱ्या जैवसुरक्षा पातळीची प्रयोगशाळा लागते. ई. कोलाय अनुकूल स्थितीत वीसेक मिनिटांत दुप्पट होतो, तर याला जवळपास एक दिवस लागतो. वसाहती डोळ्यांना दिसेपर्यंत काही आठवडे उलटतात. नागपूरच्या बीएस्सीच्या प्रॅक्टिकलमध्ये तो बसणे शक्य नाही. मात्र त्याच्या एच37आरव्ही या प्रकाराचा संपूर्ण जनुकक्रम 1998 साली प्रसिद्ध झाला. सुमारे 44 लाख बेस-जोड्या आणि चार हजारांच्या आसपास जनुके असलेला हा क्रम इंटरनेट असलेल्या कोणालाही वाचता येतो. गटाने करायच्या वेब-प्रकल्पाचे खरे स्थान इथे आहे. हाताने करता येणार नाही आणि एकट्याने आवरणार नाही, असे काम त्यातून करता येते.

भारतात याचा मोठा प्रयोग झालेला आहे. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने 2008 मध्ये ‘ओपन सोर्स ड्रग डिस्कव्हरी’ हा खुला उपक्रम सुरू केला. त्यातल्या 2010 च्या ‘कनेक्ट टू डिकोड’ या टप्प्यात देशभरातले शेकडो विद्यार्थी आणि संशोधक सहभागी झाले. क्षयाच्या जिवाणूची जनुके त्यांनी आपसांत वाटून घेतली. एखादे प्रथिन काय करते आणि कोणत्या प्रथिनांशी त्याचा संबंध येतो, हे छापून आलेल्या शोधनिबंधांतून शोधायचे आणि आधारासह सामायिक तक्त्यांत नोंदवायचे, असे ते काम होते. त्यावर आधारलेला निबंध 2012 मध्ये ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात आला. एरवी प्रोजेक्टची फाइल सर्टिफाय होऊन कपाटात जाते. इथे विद्यार्थ्यांच्या नोंदी औषधाची लक्ष्ये शोधण्याच्या कामी आल्या, म्हणून हे उदाहरण मोलाचे आहे.

दुसरे उदाहरण पुण्याचे, आणि तेही तितकेच शिकवणारे. 2011 मध्ये तिथल्या काही महाविद्यालयांत विद्यार्थ्यांनी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून इंग्रजी विकिपीडियावर लेख लिहावेत, असा उपक्रम सुरू झाला. पुस्तकांतला आणि संकेतस्थळांवरचा मजकूर जसाच्या तसा लेखांत येऊ लागला. स्वामित्वहक्काचा भंग तपासता तपासता स्वयंसेवी संपादकांची दमछाक झाली आणि काही महिन्यांतच तो उपक्रम थांबवावा लागला. दोष केवळ विद्यार्थ्यांवर टाकणे अन्यायाचे होईल. वाचलेले आपल्या शब्दांत मांडणे आणि आधार देणे त्यांना आधी कोणी पुरेसे शिकवले नव्हते, आणि विद्यार्थ्यांच्या मानाने तपासणारे फार थोडे होते. याउलट, अमेरिकेतल्या केनियन कॉलेजने चालवलेल्या ‘मायक्रोबविकी’वर विद्यार्थ्यांनी लिहिलेली पाने वर्षानुवर्षे टिकली आहेत. तिथे एकेका सूक्ष्मजीवावरचे पान प्राध्यापकाच्या देखरेखीखाली तयार होते. कामाचा तुकडा लहान असणे आणि तो तपासणारा ठरलेला असणे, या दोन गोष्टी सांभाळल्या की नक्कल पुष्कळ आटोक्यात येते.

नागपुरात अशा प्रकल्पासाठी विषय दूर शोधावा लागत नाही. अंबाझरी, फुटाळा, गांधीसागर, सोनेगाव हे तलाव शहरातच आहेत. पाण्यातल्या कोलिफॉर्म जिवाणूंच्या संख्येचा अंदाज देणारी एमपीएन चाचणी अभ्यासक्रमात असतेच. पण प्रत्येक बॅच ती एकदा करते, आकडा जर्नलमध्ये उतरवते आणि विसरते. चार महाविद्यालयांनी एकेक तलाव घेऊन, एकाच पद्धतीने, पावसाळ्याआधी आणि नंतर, गणेश विसर्जनाआधी आणि नंतर नमुने तपासले आणि सगळ्या नोंदी एका सामायिक तक्त्यात भरल्या, तर त्याच चाचणीचा अर्थ बदलतो. डरहॅम नळीत वायू कधी दिसला आणि ईएमबी अगरवर हिरवी धातूसारखी चकाकी आली का, हे नमुन्याची वेळ व जागेसह लिहावे लागते. दोन गटांचे आकडे जुळले नाहीत तर कारण शोधावे लागते: बाटली निर्जंतुक नव्हती, की नमुना तीन तास उन्हात राहिला? बाहेर आंघोळीच्या पाण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 100 मिलिलिटरमागे 500 एमपीएन ही एकूण कोलिफॉर्मची मर्यादा धरली आहे. आपला आकडा तिच्याशेजारी ठेवला की पुस्तकातली चाचणी शहराची होते. 1958 पासून याच शहरात असलेल्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांना पद्धत तपासून देण्याची विनंती करणे अशा प्रकल्पात अगदी स्वाभाविक ठरेल.

गटकामाची जुनी तक्रार मात्र खरी आहे: एक जण राबतो आणि पाच नावे लागतात. वेबवर तिला निदान एक उत्तर आहे. सामायिक दस्तऐवजाच्या इतिहासात कोणी काय आणि केव्हा लिहिले हे राहते. तो इतिहास समोर ठेवून प्रत्येकाचा वेगळा व्हायवा घेतला, तर गुणदान बरेच न्याय्य होते. पण इतिहास टंकन मोजतो. नमुना आणायला पहाटे तलावावर गेलेली मुलगी त्यात दिसत नाही, म्हणून हातकामाची नोंदही तक्त्यात वेगळी हवी. गोंदिया-भंडाऱ्याकडून शिकायला आलेल्या अनेकांजवळ फक्त मोबाइल असतो, तेव्हा लॅपटॉपशिवाय भरता येईल असाच तक्ता निवडला पाहिजे. मराठी माध्यमातून आलेल्यांना निष्कर्ष आधी मराठीत लिहू द्यावा. समजले की नाही ते तिथे लगेच कळते.

ग्रॅम रंजनात रंग धुण्याचे काही सेकंद चुकले की जांभळा जिवाणू गुलाबी दिसतो, हे मात्र कोणताही पडदा शिकवू शकत नाही. 2020 मध्ये टाळेबंदीने प्रॅक्टिकल बंद पाडली, तेव्हा आभासी प्रयोगांनी वर्ष निभावून नेले. वायरलूप ज्योतीत तापवण्याचा सराव त्यांतून झाला नाही. म्हणून वेब-प्रकल्पासाठी लागणारा वेळ प्रॅक्टिकलच्या तासांतून कापू नये. नव्या शैक्षणिक धोरणानुसार फील्ड प्रोजेक्टला जे श्रेयांक मिळतात, त्यांत तो बसवावा. तक्ता पुढच्या वर्षीच्या बॅचकडे सोपवताना सोबत पद्धतीची टिपणे द्यावीत आणि नमुन्यांच्या जागा त्याच ठेवाव्यात. तलावांचे आकडे बाहेर प्रसिद्ध करायचे असतील, तर ती विद्यार्थ्यांनी केलेली चाचणी आहे, प्रमाणित प्रयोगशाळेचा अहवाल नाही, हे पहिल्याच ओळीत लिहावे.