किल्ली कोणाच्या हातीं?

सांगलीजवळच्या हरिपूर येथील हळदीचीं पेवें एके काळीं दूरवर प्रसिद्ध होतीं. जमिनीच्या पोटांत खोल खड्डा खणावा, त्यांत हळद भरावी, तोंड लिंपून टाकावें आणि भाव येईपर्यंत माल निर्धास्तपणें तेथें राहूं द्यावा, अशी ती व्यवस्था. पेव भाड्याचें असलें तरी आंतील हळद हळदवाल्याचीच राही. ठेवण्याची जागा दुसऱ्याची असल्यानें वस्तूचें स्वामित्व बदलत नाहीं, ही गोष्ट सर्वांस उघड दिसत होती.

आज आपल्या घरांतील पुष्कळसा ठेवा अशाच परक्या पेवांत जाऊन पडला आहे. मुलांचीं छायाचित्रें, वडिलांचीं पत्रें, जमिनीचे उतारे, आवडतीं गाणीं हीं सर्व दूरच्या कंपन्यांच्या संगणकांवर असतात. परंतु येथें माल कोणाचा, या प्रश्नाचें उत्तर तितकें सरळ राहिलेलें नाहीं. २००९ सालीं ॲमेझॉन कंपनीनें जॉर्ज ऑर्वेल यांच्या 'नाइन्टीन एटी-फोर' या कादंबरीच्या विकलेल्या प्रती ग्राहकांच्या किंडल यंत्रांतून परस्पर काढून घेतल्या. कारण सयुक्तिक होतें. ज्यानें त्या विक्रीस ठेवल्या होत्या त्यास तसा हक्कच नव्हता. कंपनीनें पैसेहि परत केले. तथापि घेतलेलें पुस्तक रात्रींतून कपाटांतून नाहींसें होऊं शकतें, हें त्या दिवशीं कळून चुकलें. २०१४ सालीं निघालेला 'द क्रू' हा मोटारींच्या शर्यतीचा खेळ यूबीसॉफ्ट कंपनीनें ३१ मार्च २०२४ रोजीं आपले सर्व्हर बंद करतांच, ज्यांनीं तो दाम मोजून घेतला होता त्यांच्याहि संगणकावर चालेनासा झाला. त्याच वर्षापासून स्टीम या खेळांच्या दुकानांत पैसे भरण्यापूर्वीं सूचना येऊं लागली कीं, ग्राहकास मिळतो तो केवळ वापरण्याचा परवाना होय. 'विकत घेणें' या क्रियापदाचा अर्थ असा गुपचूप पालटला आहे.

या स्थितीस कंटाळून कांहीं छांदिष्ट मंडळी जुना संगणक घेतात आणि त्याचा घरगुती सर्व्हर करतात. प्रस्तुत लेखक त्यांपैकींच एक आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० चा नेहमींचा पाठिंबा संपला आणि अनेक धडधाकट यंत्रें एका दिवसांत म्हातारीं ठरलीं. अशा यंत्रावर लिनक्स बसविलें कीं तें पुन्हां कामास लागतें. लिनक्सचा गाभा १९९१ सालीं हेलसिंकी येथील लिनस टोर्व्हाल्ड्स या विद्यार्थ्यानें लोकांपुढें ठेवला. रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ सालीं घोषित केलेल्या ग्नू योजनेंतील साधनें त्यास मिळालीं, आणि कोणीहि वाचावी, सुधारावी व दुसऱ्यास द्यावी अशी ऑपरेटिंग सिस्टिम सिद्ध झाली. घरच्या कोपऱ्यांतल्या त्या पेटींत मग छायाचित्रें राहतात, गाणीं राहतात, आणि सुटीच्या रात्रीं मित्रमंडळींसाठीं खेळाचा एखादा आखाडाहि भरतो.

या उद्योगास खर्च लागत नाहीं असें नाहीं. ५० वॅटचें यंत्र अहोरात्र चालविल्यास दिवसास १.२ युनिट, म्हणजे वर्षास ४३८ युनिट वीज जळते. वेळ किती जातो, याचा हिशेब तर कोणीच ठेवीत नाहीं. शिवाय 'स्वतःचें' म्हणून मिरवावें तों निसर्ग आपली मर्यादा दाखवितो. २००५, २०१९ आणि २०२१ या तीन वर्षीं कृष्णेचें पाणी सांगली शहरांत शिरलें. २००५ च्या पुरानें तर हरिपूरच्या पेवांची मोठी हानि केली. तळमजल्यावरच्या पेटीस त्या पाण्यापुढें कोणता आधार? म्हणून जाणते लोक सांगतात कीं, प्रती तीन असाव्या, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्या आणि एक प्रत परगांवीं असावी. सांगलीकरानें आपली प्रत साताऱ्याच्या आप्ताकडे ठेवावी व त्याची आपल्याकडे घ्यावी. म्हणजे स्वावलंबनाच्या वाटेवरहि दुसऱ्याचा आधार हवाच असतो. मात्र तो ओळखीचा असतो, आणि परस्परांचा असतो.

येथपर्यंत छांदिष्टाची बाजू सबळ दिसते. खरा नैतिक पेंच यापुढें आहे. लिनक्समध्यें 'रूट' नांवाचा एक सर्वाधिकारी असतो. त्यास कोणतीहि फाईल वाचतां येते, बदलतां येते, पुसून टाकतां येते. त्यास विचारणारा कोणी नाहीं. घरच्या सर्व्हरवर हा अधिकार एकाच माणसाच्या हातीं असतो. आईच्या माहेरचीं छायाचित्रें, पत्नीचीं कागदपत्रें, मुलांचा अभ्यास, सर्व कांहीं त्याच्या मर्जीवर आणि स्मरणशक्तीवर उभें राहतें. कंपनीच्या दारीं निदान तक्रारीचा अर्ज तरी करतां येतो. येथें पेटी बंद पडली तर घरचीं माणसें तो कचेरींतून परत येण्याची वाट पाहतात. आणि तो एके दिवशीं परत आलाच नाहीं, तर पासवर्ड त्याच्याबरोबर जातो. एकाचें स्वावलंबन म्हणजे उरलेल्या चौघांचें परावलंबन, असा हा व्यवहार होऊन बसतो.

या प्रसंगीं औंध संस्थानाचें स्मरण होतें. आजच्या सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांत त्याचीं गांवें विखुरलेलीं होतीं. राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधि हे कांहीं जुलमी राजे नव्हते. चित्रकला, व्यायाम व उद्योग यांस त्यांनीं आश्रय दिला. किर्लोस्करवाडी १९१० सालीं त्यांच्याच संस्थानांत वसली. तरीहि १९३८ सालीं त्यांनीं राज्याधिकार प्रजेच्या हातीं देण्याचा संकल्प जाहीर केला आणि गांधीजींच्या सल्ल्यानें १९३९ सालीं ग्रामपंचायतींवर आधारलेली राज्यघटना अमलांत आणली. राजा चांगला असला म्हणजे प्रजा स्वतंत्र होते असें नाहीं, हें राजानें स्वतः ओळखावें, यांत त्या घटनेचें मोल आहे.

घरच्या लहानशा राज्यासहि हाच न्याय लागू पडतो. पासवर्ड कागदावर लिहून कपाटांत ठेवावे. यंत्र बंद पडल्यास छायाचित्रें परत कशीं मिळवावीं, हें घरांतील आणखी एकास करून दाखवावें आणि मग त्याच्याकडून करवून घ्यावें. तीं कोणत्याहि साध्या संगणकावर उघडतील अशा रूपांत ठेवावीं. घरांत कोणासच हें शिकण्याची आवड नसेल, तर ती त्यांची चूक मानूं नये. अशा वेळीं घराचा ठेवा विश्वासाच्या एखाद्या कंपनीकडे ठेवून त्याची एक प्रत हार्ड डिस्कवर काढून देणें, हाच अधिक प्रामाणिक मार्ग होय. खेळाचा सर्व्हर रात्रीं कोसळला तर चार मित्र हळहळतील आणि झोपीं जातील. छंदास तेवढी मोकळीक शोभते. पण ज्या वस्तूवर दुसऱ्याची स्मृति विसंबून आहे, तिची राखण पत्करल्यावर छंद संपतो आणि कर्तव्य सुरू होतें. सर्व्हर या शब्दाचा मूळ अर्थच सेवा करणारा असा आहे. ज्यास घरांत त्याचा स्वामी व्हावयाचें असेल, त्यानें दुसरी किल्ली आजच कोणाच्या तरी हातीं द्यावी.