व्यक्तिचित्र आणि नाव

कामानिमित्त परदेशी गेलेल्या छायाचित्रकाराने अनोळखी चेहरा टिपताना संमती घेतली की नैतिक प्रश्न मिटतो, असे सामान्यतः मानले जाते. अमेरिकन छायाचित्रकार स्टीव्ह मॅकरी यांनी १९८४ मध्ये पेशावरजवळच्या नासिर बाग निर्वासित छावणीत टिपलेली हिरव्या डोळ्यांची मुलगी या समजुतीपुढे प्रश्न उभा करते. जून १९८५ च्या ‘नॅशनल जिऑग्राफिक’च्या मुखपृष्ठावर ती झळकली आणि जगाने तिला ‘अफगाण मुलगी’ म्हटले. शरबत गुला हे तिचे नाव जगाला कळले २००२ मध्ये. स्वतःचे ते छायाचित्रही तिने तेव्हाच प्रथम पाहिले.

रस्त्यावरच्या छायाचित्रात माणूस दृश्याचा एक भाग असतो; तेथील अनामिकता क्षम्य म्हणता येईल. येथे रचना मात्र सर्वस्वी व्यक्तिचित्राची आहे. नजर थेट आपल्यावर रोखलेली, चेहऱ्यावाचून पाहण्याजोगे काही नाही. तरीही व्यक्तीच्या जागी देश आला. आपल्या समीक्षेला प्रिय असलेली ‘प्रातिनिधिकता’ ही येथे मला एक प्रकारची लूटच वाटते. कोवळ्या वयाच्या मुलीची संमती असलीच, तर ती क्षणभर कॅमेऱ्यासमोर बसण्यापुरती. सतरा वर्षे एका देशाचे दुःख म्हणून ओळखले जाण्याला ती कशी पुरावी?

२००२ मध्ये मॅकरी यांनीच तिचे पुन्हा छायाचित्र घेतले. या वेळी त्यासोबत नाव छापले गेले.