दोघंच येताय?

शनिवार-रविवार कोल्हापूरला येतोय म्हणून पुण्या-मुंबईकडच्या मित्राचा फोन येतो तेव्हा आवाज नेहमीचाच असतो. "दोघंच येतोय" हे पुढचं वाक्य मात्र तो जरा दबक्या आवाजात बोलतो. आणि नको म्हटलं तरी माझ्या तोंडून तोच प्रश्न जातो, "मग पोरं कुणाकडं?" तेवढ्यावर सगळा खुलासा सुरू होतो. आई गावाहून आलीय, धाकटीचा ताप उतरलाय, थोरल्याची चाचणी परवाच संपली. न मागितलेला जबाब. मुलं झाल्यावर नवरा-बायकोनं दोन दिवस बाहेर पडायचं तर खोली आणि तिकिटं हा सोपा भाग. अवघड असते ती परवानगी, आणि ती द्यायला समोर कुणी बसलेलंही नसतं.

त्या दृष्टीनं कोल्हापूर निवडणारा माणूस हुशार म्हणायचा. "दोघंच गोव्याला चाललोय" म्हटलं की घरात भुवया वर जातात. "अंबाबाईला जाऊन येतो" म्हटलं की सासूबाई स्वतः उठून ओटीचं सामान काढून देतात. यात फसवाफसवी आहे असं मला वाटत नाही. लग्न झालं की जोडीनं अंबाबाईच्या आणि जोतिबाच्या पाया पडून यायची आपल्याकडं रीतच आहे. फक्त त्या वेळी जोडी म्हणजे दोघं नसायची. करवली, मामा, आत्या, त्यांची पोरं, सगळी एका जीपमध्ये, आणि नवरा-नवरी मागं कोपऱ्यात अंग चोरून. आज नातवंडं सांभाळायला बसलेल्या कित्येक आज्यांच्या वाट्याला नवऱ्याबरोबरचा प्रवास आला तो एवढाच. तरी "जावा, जावा, पोरांचं आम्ही बघतो" म्हणून आग्रह करणारीही ती आजीच. तिला मनातून काय वाटत असेल, हे मी कधी कुणाला विचारलेलं नाही.

तारखांचं म्हणाल तर ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी हे किरणोत्सवाचे दिवस. देवी पश्चिमेकडं तोंड करून उभी आहे. या दिवसांत मावळतीची किरणं महाद्वारातून आत शिरतात. पहिल्या दिवशी पावलांपर्यंत, मग छातीपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी चेहऱ्यापर्यंत, असा क्रम सांगतात. बघण्यासारखा सोहळा, पण गर्दीही तशीच. निवांतपणा हवा असेल तर साध्या शनिवारी पहाटे जावं. कडेवर पोर घेऊन आलेल्यांना बहुधा मुखदर्शनावर भागवून परत फिरावं लागतं. दोघंच असलं की रांगेत उभं राहायला काहीच वाटत नाही, कारण "शू लागली" म्हणणारं बरोबर कुणी नसतं.

जेवण रविवारी दुपारी, हे मी बजावून सांगतो. एक तर दोघांपैकी कुणीतरी शनिवार पाळत असतं, आणि दुसरं म्हणजे रविवार कोल्हापुरात मटणाचाच. मुलं घेऊन आलेलं कुटुंब खानावळीत कसं जेवतं ते एकदा बघा. ताट यायच्या आधीच बाप सांगतो, "जरा तिखट कमी." मग पोराला पांढऱ्या रश्श्यात भाकरी कुस्करून द्यायची, हाडं काढून मटणाचे तुकडे करायचे, सांडलेलं पुसायचं. आईची पाळी येते तेव्हा तिच्या वाटीतला तांबडा निवून कडेनं चरबी धरलेली असते. माझ्या एका मित्राच्या बायकोला पांढराच आवडतो अशी त्यांच्या घरात समजूत होती. परवा दोघंच आली. तिनं ताटातला तांबडा वाफेवरच तोंडाला लावला, नाक ओढत, डोळे पुसत आणखी मागवला आणि पांढऱ्याची वाटी नवऱ्याकडं सरकवली. तो बघतच राहिला. एवढ्या वर्षांच्या संसारात बायकोला तिखट किती चालतं हे त्याला ठाऊक नव्हतं!

शनिवारच्या रात्रीसाठी पूर्वी माझ्याकडं हमखास उत्तर असायचं, ते म्हणजे केशवराव भोसले नाट्यगृहात नाटक. नाटकाला सहसा कुणी पोरं घेऊन जात नाही, म्हणून ती जागा जोडप्यांची. शाहू महाराजांनी १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून उभं केलेलं ते नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत गेलं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. आता मी गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर पाठवतो. म्हैस समोर उभी, धार समोरच काढलेली, पेला हातात येतो तेव्हा कोमट असतो आणि वर फेस. पुण्याची वहिनी आधी म्हशीकडं बघते, मग पेल्याकडं, मग नवऱ्याला म्हणते, "आधी तुम्ही."

बाकी यादी करू नये असं माझं स्पष्ट मत. न्यू पॅलेस, टाऊन हॉलचं म्युझियम, पन्हाळा, खिद्रापूरचं कोपेश्वर, सगळं चांगलं आहे आणि सगळं पोरांना घेऊन पुन्हा बघता येतं. संध्याकाळी रंकाळ्याच्या कट्ट्यावर मात्र दोघांनीच बसावं. तिथल्या नंदीची गोष्ट सांगतात, की तो रोज गव्हाएवढा पुढं सरकतो आणि तांदळाएवढा मागं येतो, आणि तळ्यापाशी पोचला की जगबुडी. पोरांचा विषय काढायचा नाही असं ठरवून बसलेल्या नवरा-बायकोचं बोलणंही साधारण याच वेगानं पुढं जातं. पहिला अर्धा तास शाळेची फी, बस आणि धाकटीचं जेवण. विषय संपले की दोघंही गप्प. नवखी जोडपी इथं घाबरतात आणि मोबाइल काढतात. थोडी कळ काढली तर बोलणं कुठल्या कुठं जातं; जुना चाळमालक निघतो, राहून गेलेली नोकरी निघते, लग्नाआधीचं एखादं भांडणही निघतं. भांडणासाठीसुद्धा घरात निवांत वेळ मिळत नव्हताच की.

मग चप्पल लाइन. इथं मात्र सगळे हरतात. स्वतःसाठी म्हणून आत गेलेलं जोडपं पाच मिनिटांत आजीला व्हिडिओ कॉल लावून बसतं, "त्याचा पाय वहीच्या कागदावर ठेवा आणि पेन फिरवून फोटो पाठवा." पलीकडं पोराला गुदगुल्या होतात, कागद फाटतो, पहिल्यापासून पुन्हा. दुकानदाराला त्याचं काही वाटत नाही. फोटोतला पाय बघून तो म्हणतो, "दोन बोटं मोठीच घ्या, वाढत्या वयाचा पाय हाय."

रविवारी रात्रीची गाडी धरा, असं मी दर वेळी सांगतो. दर वेळी ते होय म्हणतात. आणि जेवण झाल्यावर तीनच्या सुमाराला वहिनी म्हणतात, "आत्ता निघालो तर झोपायच्या आत पोचू नाही का?" मी अडवत नाही. भडंगाचा पुडा डिकीत टाकतो.