आधी उतरा

विलीजच्या घराण्यातल्या जुन्या जीपमध्ये गिअरच्या मोठ्या दांडीशेजारी आणखी दोन आखूड दांड्या असतात. एक पुढच्या चाकांना इंजिनाशी जोडते, दुसरी गाडीला ‘लो’मध्ये टाकते. पुढची चाकं जोडल्याशिवाय दुसरी दांडी हलतच नाही. ती पडली की चाकांना मिळणारा जोर जवळपास अडीचपट होतो आणि वेग तेवढ्याच पटीने उतरतो. पहिल्या गिअरमध्ये मग गाडी अशी चालते की शेजारून चालणारा माणूस गप्पा मारत सोबत येऊ शकतो. या गाडीच्या अंगात जी काही ताकद आहे ती या सावकाशीत आहे. जाहिरातीत चिखल उडवत झेपावणाऱ्या गाड्या बघून जे जुनी फोर बाय फोर घेतात, त्यांचा पहिल्याच महिन्यात विरस होतो.

पुढच्या चाकांना हब लॉक असतील तर फोर बाय फोर करायला खाली उतरावंच लागतं. दोन्ही बाजूंना जायचं, चिखलात वाकायचं आणि हाताने हब फिरवायचे. नव्या गाड्यांत हे काम आत बसल्या बसल्या होतं. मला मात्र हे उतरणं महत्त्वाचं वाटतं. उतरलेला माणूस पुढे चार पावलं जाऊन बघतो. दगड कुठे आहे, चाकोरी किती खोल आहे, डिफरन्शिअलचा गोळा टेकेल का, पाण्याचा तळ वाळूचा की गाळाचा, हे काचेमागून कळत नाही.

घाटाखालच्या कर्जत-खालापुरात हे शिकवायला कुठलीही संस्था काढायची गरज नव्हती. कशेळे, खांडस, आंबिवलीच्या बाजूला प्रवासी जीपा धावायच्या तेव्हा त्यातल्या बहुतेक गाड्यांना पुढच्या चाकांचा जोर नव्हताच. भीमाशंकरला किंवा पेठच्या किल्ल्यावर निघालेली पोरं पाठीवरच्या पिशव्यांसकट मागे कोंबलेली, दोघं फूटबोर्डावर, आणि गाडी मागच्या दोन चाकांवर निवांत जायची. चालवणाऱ्याला प्रत्येक खड्डा ठाऊक होता, कारण गाडी हाती येण्याआधी त्याच रस्त्याने तो शाळेत पायी गेलेला होता.

इथल्या नद्यांचं तर वेगळंच गणित आहे. पेज नदीला भर मे महिन्यातही पाणी असतं, ते टाटांच्या भिवपुरीच्या वीजघरातून सुटलेलं. खालच्या अंगाला पाताळगंगेला तसंच खोपोलीच्या वीजघराचं पाणी मिळतं. खोपोलीचं वीजघर १९१५ चं, भिवपुरीचं १९२२ चं. घाटमाथ्यावर साठवलेलं पाणी वीज करून कोकणात उतरतं, त्यावर भाताचं दुसरं पीक निघतं. पण वीजघर किती चाललं आहे त्यावर खाली नदीचं पाणी चढतं-उतरतं. सकाळी ज्या जागेवरून चाकं ओलांडून गेली, तिथेच दुपारी पाणी जास्त असू शकतं. आकाश निळं असताना नदी वाढते, हे मुंबईहून आलेल्या गाडीवाल्याला सांगूनही पटत नाही.

पाण्यातून बाहेर आल्यावर जुन्या गाडीचे ब्रेक लागत नाहीत, हेही सांगून पटत नाही. चारही चाकांना ड्रम, आत पाणी शिरलेलं. थोडा वेळ हलका पाय ठेवून ते सुकवून घ्यावे लागतात. घाट उतरताना ब्रेकवर जाऊ नये, इंजिनाने गाडी धरावी, ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरावं. घाटातल्या ट्रकचालकांची पिढ्यान्‌पिढ्यांची शिकवण आहे ही. आणि डांबरी रस्त्याला लागलात की पुढची चाकं सोडवायची. जोडलेलीच राहिली तर वळणावर स्टिअरिंग जड होतं आणि सगळा ताण युनिव्हर्सल जॉइंटच्या क्रॉसवर आणि गिअरबॉक्सवर जातो. कर्जतच्या मिस्त्रीकडे येणाऱ्या निम्म्या तक्रारी या एका आळसाच्या असतील, असा माझा अंदाज.

जुन्या गाडीला कागदांचंही एक ओझं असतं. पंधरा वर्षं झाली की तपासणी करून पुन्हा नोंदणी, तीही पाच वर्षांची, वर पर्यावरण कर. जुनं डिझेल इंजिन धूर ओकतं, तेव्हा या कराबद्दल कुरकुर करायला मला तोंड नाही.

खोपोलीहून बोरघाट चढताना शिंग्रोबाचं देऊळ लागतं. चालक तिथे नाणं टाकतात. आख्यायिका अशी, की इंग्रजांच्या अभियंत्यांना घाटातून वाट सापडेना, ती शिंग्रोबा नावाच्या धनगराने दाखवली आणि मोबदल्यात त्याला गोळी मिळाली. कागदोपत्री यातलं किती टिकेल तो भाग निराळा. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे गेली, पुढे मोटारी आल्या, द्रुतगती मार्ग झाला, तरी नाणं पडतं ते गुरांमागे फिरणाऱ्या माणसासाठी. वाट आधी त्याच्या पायाखाली होती, एवढी जाण चालकांनी ठेवली आहे.

याच कर्जत तालुक्यात माथेरान आहे. नेरळहून कितीही दमदार गाडी घेऊन चढा, दस्तुरी नाक्यावर किल्ली खिशात टाकावी लागते. पुढे पाय, घोडा, आणि २०२२ च्या अखेरीपासून थोड्या ई-रिक्षा. रुग्णवाहिकेसारखा अपवाद सोडला तर मोटारीला मज्जाव. मला हा नाका फार आवडतो. सगळ्या गाड्या तिथे सारख्याच निकामी होतात.

पण जिथे गाडी पोहोचायला हवी होती, ती जागा खालापुरात आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या अंगावरची ठाकरांची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. वर रस्ता नव्हता. खाली यंत्रं उभी होती, ती चढवता येत नव्हती, पावसामुळे हेलिकॉप्टरही उडू शकलं नाही. बचाव पथकातले जवान आणि गावोगावचे ट्रेकर निसरड्या पायवाटेने चढले आणि कुदळ-फावड्याने माती उपसत राहिले. वर जाताना अग्निशमन दलाचा एक अधिकारी दम लागून कोसळला, तो गेलाच. सत्तावीस मृतदेह हाती लागले, सत्तावन्न माणसं सापडली नाहीत. चौथ्या दिवशी शोध थांबवावा लागला.

रस्ता असता तरी दरड चुकली नसती. पण त्या वाडीने तोवर प्रत्येक आजारी माणूस आणि प्रत्येक बाळंतीण याच पायवाटेने खाली आणली होती. दरडीनंतर वाचलेल्यांना चौकजवळ पक्की घरं मिळाली. शनिवारी मजा म्हणून रस्ता सोडणाऱ्या आमच्यासारख्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं, की ज्याला आम्ही साहस म्हणतो ते इथल्या कित्येक वाड्यांचं रोजचं दळणवळण आहे. ओढ्यात उगाच चार फेऱ्या मारून पलीकडची चढण उखणून आपण घरी जातो. तीच चढण दुसऱ्या दिवशी कुणीतरी डोक्यावर हंडा घेऊन चढणार असते.

येत्या पावसात इकडे गाडी घेऊन येणार असाल तर पाण्यात घालण्याआधी उतरा. तळ दिसत नसेल, वाहतं पाणी गुडघ्याला लागत असेल, तर गाडी मागे घ्या, त्यात कमीपणा काही नाही. आवणी झालेल्या खाचराचा बांध चाकाखाली घेऊ नका. आणि चढणीला कुणी लाकडाचा भारा घेऊन चाललेलं दिसलं, तर थांबून विचारा, मागे जागा आहे, येता का?