वकीलपत्र कुणाचं?

समजा, देवपुरात महापालिकेने खोदून ठेवलेल्या चारीत रात्री एक माणूस पडला. त्याने भरपाईचा दावा लावला. प्रतिवादी क्रमांक एक महापालिका, क्रमांक दोन तिचाच कनिष्ठ अभियंता. पांझरेपलीकडे कोर्टात दोघांसाठी एकच वकील उभा राहतो. फी महापालिका देते. अभियंत्याने ऑफिसातच वकीलपत्रावर सही केलीय आणि तो निर्धास्त आहे.

बहुतेक वेळा यात वावगं काही नसतं. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ सुद्धा दाव्याआधीची नोटीस आणि सद्‌भावनेने केलेल्या कामाचं संरक्षण, दोन्ही बाबतींत कर्मचाऱ्याला पालिकेच्याच छत्रीखाली घेतो. शिवाय पगारदार माणसाला स्वतंत्र वकील परवडतो कुठे?

पण अभियंता वकिलाला खासगीत म्हणाला, "साहेब, बॅरिकेडसाठी मी दोनदा लिहून दिलं होतं, मंजुरीच आली नाही," तर? त्याचा सगळ्यात भक्कम बचाव हाच, आणि महापालिकेला सगळ्यात महाग पडणारं वाक्यही हेच. कैफियतीत लिहिलं तर एक अशील बुडतो, गिळलं तर दुसरा. अशिलाने विश्वासाने सांगितलेलं वकिलाने फोडायचं नसतं. पण इथे ज्याच्यापासून लपवायचं, तोही अशीलच!

भांडण पुस्तकी नाही. लखनऊ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात १९९३ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की नागरिकाला दिलेली भरपाई दोषी अधिकाऱ्यांकडून वसूल करावी. म्हणजे आज खांद्याला खांदा लावून उभी असलेली संस्था उद्या त्याच माणसाच्या पगारावर हात टाकू शकते.

संस्था आणि तिची माणसं किती दूर जाऊ शकतात, हे खानदेशाने पाहिलंय. जळगावच्या घरकुल प्रकरणात २००६ साली फिर्याद दिली ती महापालिकेच्याच तत्कालीन आयुक्तांनी, प्रवीण गेडाम यांनी. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी ठरवलं. त्यांत पालिकेचे माजी पदाधिकारी होते, अधिकारीही होते. पुढे अपिलं झाली. तो फौजदारी खटला, आपली चारी दिवाणी, हे मान्य. पण 'पालिका आणि तिची माणसं एकच' हे गृहीतक तिथे उघडं पडलं.

एका पक्षाचं काम केलेल्या वकिलाने त्याच प्रकरणात त्याच्या विरुद्ध उभं राहू नये, असा बार कौन्सिलचा नियम आहे. माझं भांडण त्याआधीच्या काळाशी आहे. फाटलेलं नसतं तेव्हा अभियंता सगळं मोकळेपणाने सांगून बसतो. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात सर्व्हर पडला, की 'कुणालाही दोष न देता' चर्चा होते. तिथे मी खरं बोलतो, कारण भरपाई माझ्या खिशातून जात नाही. समोर कंपनीचा वकील बसला असता, तर दोनदा विचार केला असता.

म्हणून सही घेण्याआधी वकिलाने त्याला लेखी सांगावं: तुझं आणि पालिकेचं म्हणणं वेगळं निघालं तर मी दोघांचंही काम सोडेन. आणि तसं झालं, तर त्याच्या वेगळ्या वकिलाची फी पालिकेने द्यावी, तो पालिकेकडे बोट दाखवत असला तरी. करदात्यांना हे जड जाईल, कबूल. पण चारीत पडलेला माणूसही करदाताच आहे, आणि ती दोन पत्रं कोर्टासमोर येण्यात त्याचंही हित आहे.