आत दबलेली स्प्रिंग

चेनचा जुना ट्रॅक्टर वर्षानुवर्षं उघड्यावर पडून राहिला की इंजिन जाम होतं, बॅटरी मरते, सीटचं रेक्झिन उंदीर कुरतडतात. पुढच्या चाकामागची जाड स्प्रिंग मात्र दबलेलीच राहते. कारखान्यात ती टनावारी जोर लावून आवळून बसवतात आणि कित्येक पावसाळे खाल्लेल्या यंत्रातही ती रेटतच असते. चेन ताणणारा ॲडजस्टर गंजून अडकला आणि तो सोडवायला बसणाऱ्यानं ही स्प्रिंग आधी ध्यानात घ्यावी.

चेनचा ट्रॅक्टर जन्मलाच चिखलासाठी. कॅलिफोर्नियात स्टॉकटनजवळच्या भुसभुशीत जमिनीत चाकांची अवजड यंत्रं रुतायची, म्हणून बेंजामिन होल्टनं १९०४ साली चाकांच्या जागी पट्टे लावून पाहिले. आपल्याकडे मध्य भारतातली कास गवतानं गिळलेली जमीन बैलांच्या नांगराला दाद देत नव्हती. ती मोडायला लागणाऱ्या यंत्रांसाठी जागतिक बँकेनं १९४९ साली एक कोटी डॉलरचं कर्ज दिलं.

ज्या चिखलावर मात करायची, तोच चिखल ॲडजस्टरच्या आट्यांत जाऊन बसतो. पिना आणि बुश झिजले की चेन लांबते. मग स्क्रू फिरवून पुढचं चाक, म्हणजे आयडलर, थोडं पुढे सरकवायचं आणि चेन ताणायची. काम एवढंच, पण तेही कुणी वेळेवर करत नाही. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते आणि आट्यांमधली फट असते केसाएवढी. स्क्रू आणि नट एकजीव होऊन बसतात.

अशा वेळी घण उचलावासा वाटतो. जाणता मेस्त्री मात्र आधी मास्टर पिन काढून चेन तोडतो, म्हणजे चेनचा ताण उतरतो. स्प्रिंग आवळून धरणाऱ्या बोल्टला तो हात लावत नाही. हेल्पर पुढ्यात आला की ओरडतो, “पोरा, चाकासमोर नको, बाजूला हो!” त्या ओरडण्यात मला माया दिसते. बांधावरून अबोला धरलेल्या दोन भावांत बोलणं करायला जाणारा शहाणा माणूसही असाच वागतो. वाटणीचा कागद तो पहिल्या दिवशी काढत नाही. आत काय दाबून ठेवलंय, याचा अंदाज घेत बसतो.

मग तारेच्या ब्रशनं आटे उघडे करायचे, सकाळ-संध्याकाळ तेल सोडायचं आणि मुरू द्यायचं. तरी हललं नाही तर गॅसची आच, तीही फक्त नटाला. पाच सेंटिमीटर व्यासाच्या आट्यांचा नट तीनशे अंशांनी तापला, तरी तो मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याहून कमीच फाकतो. तेवढं पुरतं. आच स्प्रिंगकडे जाऊ द्यायची नाही, तिचं पाणी उतरतं. पान्याचा पहिला हिसका आवळण्याच्या दिशेनं द्यायचा, अगदी जरासा, गंज तडकतो. मग उलटा. पुन्हा आवळा, पुन्हा सोडा. तेलात कालवलेली विटकरी भुकटी आट्यांतून गळू लागली की समजायचं, गंजाची पकड सुटतेय. नव्या यंत्रांत ग्रीस भरून चाक पुढे ढकलतात. तिथे ग्रीस कोंडलेल्या सिलिंडरला आच म्हणजे जिवाशी खेळ. ग्रीस सोडायचा व्हॉल्व्हही एखादाच फेरा सैल करायचा, तोंड बाजूला ठेवून.

या सगळ्यात दिवस जातात, आणि ते जाऊ द्यावेत असंच मी म्हणेन. घाईनं तोडलेला स्क्रू पुन्हा मिळत नाही. या जुन्या यंत्रांचे भाग आता भंगारातच शोधावे लागतात. सुटलेला स्क्रू जाईल तिथवर आत-बाहेर फिरवून घ्यावा, आटे पुसून भरपूर ग्रीस लावावं. चेन जोडून हवी तेवढी ढील ठेवावी आणि दर वर्षी पाऊस पडायच्या आत, चेन सैल नसली तरी, स्क्रू अर्धा फेरा फिरवून पुन्हा जागेवर आणावा.